थोरलीचा कोट

सोमवार, ४ तारीख

आले एकदाची. गाडीवाल्याने फाटकापाशी उतरवलं आणि पिशवी नेमकी चिखलात ठेवली, डोळे घरी ठेवून आला होता मेला. पण आज राग आला नाही. समोर उतारावर मेंढ्या, एका अंगाला कोंबड्यांचं खुराडं, मध्ये दगडी घर, धुराड्यातून धूर. मनात म्हटलं, बाई, आता इथेच मरायचं, पुन्हा कुणाच्या दारात जायचं नाही.

संस्थेतल्या बाईंनी ही वही दिली आहे. रोज काय काम केलं ते लिहायचं म्हणे. मी चौथी शिकलेली, शुद्धलेखनाच्या नावाने बोंब. कोण तपासणार आहे? लिहीन येईल तसं. आम्हाला स्वयंसेविका म्हणतात. म्हणजे पगार नाही. जेवण, खोली आणि मान. मान किती मिळतो ते बघू.

खरी गोष्ट वेगळी आहे. बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की या घराला माणूस कायमचं हवंय. जिचं जुळेल तिला ठेवून घेणार, घरच्यासारखी. मी लगेच हो म्हटलं. नवरा गेल्यापासून भावाकडे राहतेय आणि भावजय माझ्या ताटात वाढते ती असं तोंड करून, की घास घशाखाली उतरू नये. सकाळी दवाखान्यात फरशी पुसायला जायचं आणि संध्याकाळी तिच्या घरची पुसायची. ते संपलं म्हणायचं.

घरच्या बाई हात पुसत बाहेर आल्या. त्यांना वहिनी म्हणायचं, त्यांच्या नवऱ्याला दादा. वहिनी म्हणाल्या, दमलात ना, आत या, तुमचीच वाट बघत होतो. इतकं गोड माझ्याशी लग्नातही कुणी बोललं नव्हतं. खोली गोठ्याला लागून, ऊबदार. रात्रीला दोन पांघरुणं. जेवायला गरम बटाटे, अंडी, पाव, लोणी.

एकच खडा लागला. माझ्याआधी एक आलेली आहे. तिशीची, काठीसारखी उंच. मी तिचं नाव लांबडी ठेवलंय. दोन दिवस आधी काय आली, मला मिठाचा डबा दाखवते.

बुधवार, ६

काम भरपूर. खुराडं झाडलं, अंडी गोळा केली, मेंढ्यांना गवत टाकलं, पाण्याची हौदी घासली. गाय एकच आहे आणि ती आटलेली. मेंढ्यांचं जेवढं दूध निघतं तेवढं सगळं सकाळी गाडीत जातं. घरात दुधाचा थेंब नाही. वहिनींनी हे दोनदा सांगितलं, जसं काही मी चोरून पिणार होते.

लांबडी काम कमी करते आणि बोलते जास्त. तिच्या मनगटावर इस्त्रीचा डाग आहे, अगदी इस्त्रीच्या टोकासारखा त्रिकोणी. सावत्र आईने चटका दिला म्हणे. हे तिने दादांना सांगितलं, वहिनींना सांगितलं, मला सांगितलं, मेंढ्यांना तेवढं राहिलंय. सगळे च्च च्च करतात. मला आईच आठवत नाही, सावत्रही नाही. पण माझ्याकडे दाखवायला डाग नाही ना.

दादांच्या आई स्वयंपाकघरात खिडकीजवळ बसतात. दिसत नाही फारसं. जवळ जाणाऱ्याला हाताने ओढून हुंगतात. लांबडीला हुंगलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग मी गेले. त्यांनी माझा हात नाकाशी नेला आणि तोंड फिरवलं. फिनेलचा वास. इतकी वर्षं फरशा पुसल्या, तो कातडीत गेलाय. मी बाहेर येऊन राखेने हात घासले, साल निघेपर्यंत. गेला नाही.

वहिनींनी समजावलं की त्यांना आई फक्त घरच्यांनी म्हणायचं. आम्ही मोठ्या बाई म्हणायचं. ठीक आहे. त्यांचं घर, त्यांची आई.

शुक्रवार, ८

आज एक बघितलं, ते लिहायलाच हवं.

काळ्या कानाच्या मेंढीचं पिल्लू मेलेलं जन्मलं. आणि दुसरीकडे एक कोकरू आहे त्याची आई गेली. मला वाटलं सोपंच आहे, हिला ते द्यावं. दादांनी कोकरू तिच्यापुढे सोडलं. मेंढीने हुंगलं आणि डोक्याने असं हाणलं की कोकरू भिंतीवर आपटलं. पुन्हा उठलं, पुन्हा हाणलं. मी मध्ये जात होते तर दादांनी अडवलं. म्हणाले, नाकाला खोटं लागलं की ती थांबत नाही, कोपऱ्यात घेऊन जीव जाईपर्यंत हाणते.

मग त्यांनी मेलेल्या पिल्लाचं कातडं सोललं. अख्खं, पायांना चार भोकं ठेवून, स्वेटर काढावा तसं. ते जिवंत कोकराच्या अंगात घातलं. रक्ताळलेलं, सैल, शेपटीवर दुसरी शेपटी. पण मेंढीने हुंगलं, आणि काय सांगू, तिच्या घशातून असा आवाज निघाला की माझे डोळे भरले. चाटायला लागली. कोकरू आचळाला लागलं, मेंढीला पान्हा फुटला.

दादा म्हणाले, थोडे दिवस ठेवायचं. एकदा तिचं दूध पिल्लाच्या पोटातून गेलं की पिल्लाच्याच कातडीला तिचा वास लागतो. मग वरचं काढून टाकायचं. मधे मात्र ते निघता कामा नये, धुतलं जाता कामा नये.

लांबडी तिथे रडायला लागली. वहिनींनी तिला जवळ घेतलं. माझेही डोळे भरले होते, पण मी बादली उचलून निघाले होते, मला कोण जवळ घेणार.

शनिवार, ९

तळपायाची आग मस्तकात गेली आहे, म्हणून दुपारीच लिहायला बसले.

वहिनींनी लांबडीला कोट दिला. तपकिरी, लोकरीचा, लाकडी बटणांचा, गुडघ्यापर्यंत. मोठ्या बाईंची एक मुलगी होती, तिला थोरली म्हणायचे. ती गेली. कशाने ते कुणी बोलत नाही. डावा पाय ओढत चालायची एवढंच कळलं. हा कोट तिचा. मला थंडी वाजत नाही का? माझा स्वेटर कोपरावर फाटलाय हे वहिनींना दिसत नाही का?

आणि पुढचं ऐका. लांबडी तो घालून स्वयंपाकघरात गेली. मोठ्या बाईंनी बाही नाकाशी धरली आणि तिचं तोंड दोन्ही हातांत घेऊन रडल्या. आलीस का गं, म्हणाल्या. वहिनी लांबडीला म्हणाल्या की आता तू आई म्हणालीस तरी चालेल. ती लगेच म्हणाली. जिभेला हाड नाही.

मोठ्या बाईंनी तिला आपल्या वाडग्यातलं भरवलं. दुधात कुस्करलेला पाव, बोटांनी, एक एक घास. ती बसली होती चोच वासून. मी चुलीत लाकडं सारत होते. माझ्याकडे कुणी बघितलंही नाही.

थोरली असती तर माझ्या वयाची असती. वहिनींनीच सांगितलं. मग तो कोट कुणाला बरोबर बसला असता? लांबडीला बाह्या तोकड्या पडतात, मनगटं बाहेर येतात, डागासकट.

मंगळवार, १२

लांबडीला आता काम नाही. बाईसाहेब खिडकीपाशी बसतात. खुराडं मी, गवत मी, हौदी मी, भांडी मी. तिने कोट काढून कधी बाजूला ठेवलेला दिसला नाही. चुलीजवळ घामाने निथळते तरी अंगात. वहिनींनी बटणं काजांसकट दोऱ्याने शिवून टाकली आहेत, उघडतात म्हणे.

आज अंगणातून चालत गेली तर डावा पाय ओढत. मी म्हटलं, बघा नाटकं. थोरली व्हायला निघाली. मला असला कांगावा जमला असता तर मीही सासरी राणी झाले असते.

तिचा चेहरा मात्र उतरलाय. मी हाक मारली तर वळली नाही. वहिनींनी थोरले म्हटलं तर वळली.

गुरुवार, १४

काळ्या कानाच्या मेंढीच्या कोकराचं वरचं कातडं आज दादांनी कापून काढलं. नासलं होतं, वास सहन होत नव्हता. आतलं कोकरू गुटगुटीत. मेंढीने हुंगलं आणि चाटलं. झालं तिचं. मी दादांना विचारलं, आता पुन्हा कधी हाणणार नाही? ते हसले. म्हणाले, आता तिला सांगूनही खरं वाटणार नाही. मग घराच्या खिडकीकडे बघून म्हणाले की तिथलंही दोन-चार दिवसांत होईल.

तिथलं म्हणजे काय ते मला कळलं. म्हणजे लांबडी कायमची. मग मी पिशवी उचलायची आणि भावजयीच्या दारात.

दुपारी लांबडी खुराड्यात आली माझ्याकडे. पाय ओढत. म्हणाली, मावशी, मला माझ्या बहिणीचं नाव आठवत नाहीये. मला घरी जायचंय, बटणं तेवढी उसवा. मला मावशी म्हटलं आज पहिल्यांदा, काम पडल्यावर. मी म्हटलं, वहिनींना सांग, तू त्यांची लाडकी आहेस ना. तिने माझा हात धरला. तिच्या अंगाला आंबट दुधाचा वास येत होता, तान्ह्या पोराला येतो तसा.

मी हात सोडवून घेतला. अंडी गोळा करायची होती.

शुक्रवार, १५

केलं.

सकाळपासून डोक्यात तेच होतं. लांबडी माझ्या खोलीत येऊन माझ्याच बिछान्यावर झोपली होती, लपल्यासारखी. मी मेंढ्यांची लोकर कापायची कात्री आणली आणि दोरे कापले. तिला वाटलं मी तिला सोडवतेय. खूप दुवा दिला मला. कोट निघाल्यावर ती थंडी भरल्यासारखी कुडकुडायला लागली आणि गुडघे पोटाशी घेऊन पडली.

मी कोट आधी घालून बघितला. खोटं कशाला बोलू. बसला. खांद्यात, बाहीत, माझ्यासाठीच शिवल्यासारखा. जड होता, आतून गुबगुबीत. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. मग माझे हात नाकाशी गेले आणि आठवलं. फिनेल. मला हुंगून म्हातारी पुन्हा तोंड फिरवेल. ते मला सोसवलं नसतं.

मग मी मागे गेले, गरम पाणी घेतलं, साबण घेतला, संडासासाठी ठेवलेली फिनेलची बाटली घेतली आणि कोट वरून घासून काढला. घासताना बरं वाटलं. मला नाही ना, मग तिलाही नाही. मेंढीचं बघितलं होतंच. वास गेला की म्हातारी तिला ढकलून देईल, वहिनी म्हणतील हिचं जुळत नाही, सकाळच्या गाडीने लांबडी परत. ती घरी जायचं म्हणतच होती. कुणाचंच वाईट नाही.

मागच्या पाणी तापवायच्या चुलीपाशी वाळवला. परत नेला तर लांबडीने माझ्या हातातून हिसकावला, लहान पोरासारखी हुंदके देत अंगात घातला. आता तिलाच तो लागतो. बटणं मी पुन्हा शिवली.

शनिवार, १६

नीट लिहिते.

दुपारचं जेवण झालं होतं. मी अंड्यांची टोपली घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला बघायचं होतं. लांबडी आई म्हणत म्हातारीपाशी बसली. म्हातारीने बाही ओढून हुंगली. पुन्हा हुंगली. मग उभी राहिली. मी तिला उभं राहिलेलं कधी बघितलं नव्हतं. मान खाली घातली आणि कपाळाने लांबडीच्या छातीत हाणलं.

ऐंशी वर्षांची बाई. लांबडी भिंतीवर आपटली. म्हातारी मागे सरकली, मान खाली, आणि पुन्हा. मोडल्याचा आवाज आला. पुन्हा. लांबडी आई आई म्हणत होती.

दादा आणि वहिनी तिथेच होते. वहिनींनी टेबलावरची भांडी बाजूला घेतली, फुटू नयेत म्हणून. दादा म्हणाले, कळलं तिला. आणि मग माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. काय आणलंय बाजारातून ते बघावं तसं.

मला वहिनींनी वरच्या वावरात पाठवलं, दगड वेचायला. आजच वेचायचे म्हणे. मी वेचले. मी गेले आणि दगड वेचले.

परत आले तर भिंत धुतलेली होती. लांबडीला दवाखान्यात नेलं असं वहिनी म्हणाल्या.

मी ढकलून देईल म्हटलं होतं. एवढं मी म्हटलं नव्हतं.

सोमवार, १८

गाडीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, या रस्त्याला माझ्याशिवाय गाडी नाही, माझ्याकडून कुणी गेलं नाही. मग हसून म्हणाला की इथून कुणाला परत नेल्याचं त्याला आठवतच नाही, एवढं चांगलं घर आहे. मी त्याच्याबरोबर चढायला हवं होतं. पिशवी खोलीत होती. शिवाय—

शिवाय खिडकीजवळची दुसरी खुर्ची रिकामी आहे.

कोठारातली मिठाची गोण अर्धी झाली आहे. दादा दोन दिवस कोठाराच्या मागच्या खोलीत असतात, दार लावून. मी विचारलं नाही.

म्हातारी काही खात नाही. दिवसभर हाक मारते. थोरले, थोरले. ऐकवत नाही. मी मुद्दाम दारावरून चार वेळा गेले. मेलं, एकदा तरी माझ्याकडे तोंड करावं.

वहिनी माझ्याशी फार चांगलं वागताहेत. मला पाव कापून दिला. स्वेटर फाटलाय हे आज दिसलं त्यांना.

गुरुवार, २१

मला दिला. कोट मला दिला.

वहिनी म्हणाल्या, तुझ्यासाठी आतून नवीन अस्तर लावलंय, मऊ आहे, अंगावरचं काढून आत काही न घालता घाल. घातला. थंड, ओलसर, आंबट दुधाचा वास, मग हळूहळू ऊब आली. कोकराचं कातडं असणार.

मी दारात थांबले होते, पाय पुढे होईना. ती भिंत समोर. आणि म्हातारीने मान वर केली, लांबूनच हवेत हुंगलं. तिच्या घशातून तो आवाज निघाला. मेंढीचा. तिने हात पसरले.

मी गेले. माझं डोकं तिने मांडीवर घेतलं. फिनेलचे हात तिने तोंडाशी घेऊन चाटले. मला भरवलं. अठ्ठेचाळीस वर्षांची घोडी मी, आणि मला कुणी कधी भरवलं नव्हतं. मी रडले. आई म्हटलं. कुणी अडवलं नाही.

लांबडीची आठवण आली, पण उगीच. तिला मिळालं त्यापेक्षा दोन घास मला जास्त मिळाले.

शनिवार, २३

वहिनींनी बटणं शिवली.

डाव्या बाहीत आतून काहीतरी टोचत होतं, दोऱ्याची गाठ असेल म्हणून उजेडाला बाही उलटून बघितली. अस्तर गोरं. लोकर नाही. मनगटापाशी डाग आहे. त्रिकोणी. इस्त्रीच्या टोकासारखा.

पुन्हा बघितला. तोच.

शिवण बोटाने उसवली थोडी. त्या अस्तराखाली अस्तर आहे. जुनं, कडक. त्याच्याखाली आणखी एक, सावळं. आणखी खाली काळपट, कागदासारखं. म्हणून जड होता. म्हणून गुबगुबीत.

आणि मला काय वाटलं ते इथे लिहिते, कारण दुसरीकडे कुठे सांगू. भीती नंतर वाटली. आधी वाटलं, माझ्याआधी इतक्या जणींना भरवलं तिने.

रविवार, २४

डावा पाय नीट पडत नाही. मी नाटक करत नाही.

कात्री जागेवर नाही. बटणं दातांनी तोडायला गेले. दोरा कातडीतून गेलाय. माझ्या की तिच्या, कळेना. ओढलं तर मला दुखतं.

भावजयीचा चेहरा आठवतो. भावाचा आठवत नाही.

दूध. गाय आटलेली आहे. मेंढ्यांचं सगळं गाडीत जातं. मग वाडग्यात रोज कुठून— कोमट असतं. आज मी आधी जाऊन बसले तेव्हा आई पोलक्याची बटणं लावत होती—

तरी प्यायले. भूक दुसऱ्या कशाने जात नाही.

मंगळवार, २६

आज जाणार होते. गेलेच होते.

पहाट उलटून उजाडल्यावर गाडी आली. पाय ओढत फाटकापर्यंत पोचले. गाडीवाल्याला म्हटलं, मला ने, काही विचारू नको. तो म्हणाला, बस, आधी ही सवारी उतरू दे. मी पुढच्या सीटवर बसले. दार लावून घेतलं. बसले होते—

मागून ती उतरली. बुटकी, गोबरी, हसरी. पिशवी चिखलात. वहिनी हात पुसत बाहेर आल्या. म्हणाल्या, दमलात ना, आत या, तुमचीच वाट बघत होतो.

तेच शब्द. मला म्हटलेले.

मी काच खाली केली. ओरडून सांगायचं होतं, पळ बाई. तोंड उघडलंही होतं.

खिडकीत आई होती. मान वर करून हुंगत होती. माझ्याकडे नाही. तिच्याकडे. आणि ती बुटकी तिला हात हलवून हसली, जसं काही हिचीच—

मी उतरले. गाडीवाला हॉर्न वाजवत राहिला. मग गेला.

बुधवार

बुटकीला माझी खोली दिली. माझी दोन पांघरुणं. तिला मिठाचा डबा कुठे आहे ते सांगितलं. दुसरं काही सांगितलं नाही. सांगितलं तर ती कोट मागेल. की पळेल? पळाली तर बरं. पण जाताना आईला भेटून गेली तर— नको. काही सांगायचं नाही.

तिने आज मला नाव विचारलं. आठवेना. थोरली म्हटलं.

वार नाही माहीत

दादा म्हणाले, झालं हिचं. आता वरचं काढायला हरकत नाही. सुरीला धार लावतात, ऐकू येतं. वरचं म्हणजे कोट. कोटच. कोकराचं वरचंच काढलं होतं— पण माझं आतलं कुठे सुरू होतं ते मला कळत नाही, दादांना कसं—

आई हाक मारतेय. बुटकी स्वयंपाकघरात आहे. हसायचा आवाज. तिच्या हाताला वास नाही फिनेलचा, काही नाही, स्वच्छ आहे मेली. आई तिला जवळ घेईल, आई तिला हुंगेल, मी इथे दारात—

मला आधी. मला आधी जाऊ दे. बाजूला हो म्हटलं तर ऐकत नाही, माझ्या खुर्चीत बसलीय. मान खाली घातली की कपाळ आपोआप पुढे—